दोन वायरी आणि चार वाजताची मुलाखत

चष्म्याच्या दुकानदाराला कुणाला नाही म्हणता येत नसे. टेलिफोन कंपनीच्या बाई फोनवर "आताच्या दुप्पट स्पीड देतो, सर," म्हणाल्या, तेव्हा तो हो म्हणून बसला. मग घरातलं केबलचं इंटरनेट बंद करायला त्याने तिकडे फोन केला, तर तिथला माणूस गयावया करू लागला. "साहेब, सोडून जाऊ नका. आम्ही तिप्पट देतो!" दुकानदार त्यालाही हो म्हणाला.

मंगळवारी दुपारी तीन वाजता दोन्ही कंपन्यांची माणसं एकदमच दारात उभी राहिली.

"अहो, हे काय? आजच बोलावलंत?" बायकोने विचारलं. ती नर्स. मुलांपायी अकरा वर्षं घरी बसलेली. चार वाजता एका मोठ्या हॉस्पिटलातल्या मुख्य नर्सच्या जागेसाठी तिची मुलाखत होती, तीही लॅपटॉपवर.

"अर्ध्या तासाचं तर काम आहे गं," दुकानदार म्हणाला. "उलट चेहरा स्वच्छ दिसेल तुझा."

टेलिफोनवाला गच्चीवर गेला. नवी वायर सोडताना जुनी आडवी येत होती, म्हणून त्याने ती सरळ कापली. खाली केबलवाल्याच्या डब्यावरचे दिवे पटापट विझले. तो तणतणत वर गेला आणि त्याने नवी वायर कापली. चारला दहा मिनिटं कमी असताना इंटरनेट गुल होतं आणि दिवाणखान्यात भांडण रंगात आलं होतं.

"आधी यानं कापली!"

"मग तुझी वायर माझ्या वाटेत कशाला?"

"अहो, जरा शांततेनं घ्या," दुकानदार म्हणाला. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

"बसा," बायको म्हणाली. आवाज चढला नव्हता, तरी दोघं बसले. दुकानदारही बसला. "टेलिफोनवाले, तुमच्या मोबाइलचं इंटरनेट मला द्या. केबलवाले, तुम्ही तो मोबाइल खिडकीत धरून उभे राहा. रेंज तिथेच येते."

"यांच्या कंपनीचा मोबाइल मी धरू?"

"धरा."

त्याने धरला.

मुलाखत सुरू झाली. हॉस्पिटलच्या मॅडम प्रश्न विचारत होत्या, ती उत्तरं देत होती. मध्येच मागून कुजबुज आली, "अरे, जरा वर धर ना!" "मग तूच धर!" तिने मान न वळवता एक बोट वर केलं. कुजबुज बंद.

"मागे कोण आहे?" मॅडमनी विचारलं.

संपलं सगळं, असं तिला वाटलं. पण तिने खरं ते सांगून टाकलं.

मॅडमनी समोरच्या अर्जावर खूण केली. "सोमवारपासून येऊ शकाल?"

"येईन, मॅडम!"

"आणि येताना त्यातल्या एकाला घेऊन या. सकाळपासून इथलंही इंटरनेट बंद आहे, मी शिपायाच्या मोबाइलवरून बोलतेय."

"कुणाला आणू? केबलवाल्याला की टेलिफोनवाल्याला?"

"कुणालाही," मॅडम घाईघाईने म्हणाल्या. "फक्त दोघांना आणू नका."