लांजेवार सरांची घंटी

लांजेवार सर रस्त्यावर कोणालाच हाक मारत नाहीत. मनीषनगरच्या आमच्या गल्लीत राहायला येऊन त्यांना सहा वर्षं झाली, पण 'अहो', 'ओ भाऊ', 'जरा थांबा' असलं काही त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेलं नाही. त्यांच्या कापडी पिशवीच्या बंदाला एक पितळी घंटी बांधलेली असायची. बैलाच्या गळ्यात असते तशी, एका बाजूनं तडा गेलेली. ती ते एकदा हलवायचे आणि उभे राहायचे. आवाज घंटीसारखा नव्हताच. भांडं हातातून सुटावं आणि खाली पडायच्या आत कोणीतरी झेलावं, तसा होता. मग ज्यानं यायचं तो येत असे.

सर कुठल्याशा कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. उंच, कोरडे, डोळ्याची पापणी फार कमी हलणारे. बोलताना तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. आपला हात आता काय करणार, हे आपल्याआधी त्यांना माहीत आहे असं वाटायचं.

"शिकते गा," हे त्यांचं पालुपद. "सगळं शिकते. कुत्रं शिकते, कावळा शिकते. माणसाले थोडा वेळ द्या लागते, इतकंच."

गल्लीतलं तांबडं कुत्रं कुल्फीवाल्याच्या घंटीला कानसुद्धा हलवत नसे. सरांची घंटी वाजली की मात्र झोपेतून उठून रस्त्याच्या मधोमध येऊन बसे. कावळे तारेवर जमत. ओरडत नसत. नागपुरात न ओरडणारे आठ-दहा कावळे एका रांगेत बसलेले पाहिले, तर तुम्हीही दुकानाचं शटर अर्धं ओढून घ्याल.

कोपऱ्यावर शेवंताबाईचं इस्त्रीचं टेबल आहे. ती एकदा मला म्हणाली, "भाऊ, इस्त्री कपड्यावर राहून जाते अन् मी रस्त्यावर. परवा एका साडीले भोक पडलं."

"मग जातेस काहून?"

"मले काय माहीत? पाय जातात." मग थोड्या वेळानं म्हणाली, "सर उभे राहून आयकतात ना माझं. बाकी कोण आयकते?"

मी तिला हसलो. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

माझं दुकान गल्लीचं शेवटचं. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, स्क्रू, प्लायवुड. त्याच्यापुढे मोकळा तुकडा आणि मग रेल्वेचे रूळ. दुसऱ्याच्या गोदामात पाठीवर पोती वाहून मी हे दुकान उभं केलं आहे. माझ्याकडून भाव कमी करून घेतलेला माणूस अजून मी पाहिलेला नाही. आवाज चढतो माझा, कबूल आहे. गिऱ्हाईक नाराज होऊन जातं आणि तासाभरानं परत येतं, कारण माल चोख असतो.

अशा माणसाकडे सर यायचे. एखादी कडी उचलायचे, भाव विचारायचे, फार कमी मागायचे. मी आवाज चढवायचो. ते थोडे वर यायचे. मी आणखी चढायचो. शेवटी ते मान खाली घालून म्हणायचे, "तुमच्यासमोर काही चालत नाही, प्रभाकरराव." इतकं देखणं हरणारं गिऱ्हाईक मला आयुष्यात दुसरं मिळालं नाही. आणि दर वेळी ते आत येतही नसत. तीनदा घंटी वाजली तर एकदा यायचे, दोनदा नुसते पुढे निघून जायचे. ते गेले की मला चुकल्यासारखं व्हायचं.

वर्षभरानं माझ्या लक्षात आलं की घंटी वाजली की मी दुकानाबाहेर असतो. गिऱ्हाईकाला मोजून देत असलेले स्क्रू अर्धवट सोडून. जेवणाचा घास हातात घेऊन.

एका दुपारी ठरवलं, आज उठायचं नाही. काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली. घंटी वाजली. बोटं पांढरी पडलेली मला दिसली, तेवढं आठवतं. त्यानंतर मी रस्त्यावर होतो. मधलं काहीच आठवत नाही. समोर सर उभे होते, माझ्या हातांकडे बघत.

"बरं आहे," ते म्हणाले आणि निघून गेले.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, काहीतरी केलं आहे त्यांनी तुमच्यावर." दुसऱ्या दिवशी तिनं दुकानाला लिंबू-मिरच्या बांधल्या. घंटी वाजली तेव्हा मी लिंबाखालूनच बाहेर गेलो.

मग मात्र माझं डोकं फिरलं. तडक त्यांच्या घरी गेलो. दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. लहानखुऱ्या, गोऱ्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. "कोण गा तू? ये, बस. जेवून जाशील," म्हणाल्या. मी बसलो. त्या आत गेल्या, पाण्याचा पेला घेऊन आल्या, मला पाहून थांबल्या. "कोण गा तू? ये, बस. जेवून जाशील." अगदी त्याच सुरात, तेवढंच हसून. तिसऱ्यांदा हेच झालं तेव्हा सरांनी त्यांचा हात धरून त्यांना आत नेलं.

तेवढ्यात टेबलावरची उघडी वही मी वाचली. मी वाचावं म्हणूनच ती उघडी होती की काय, देव जाणे. एकेका पानावर एकेक माणूस. माझ्या पानावर लिहिलं होतं: 'शेवटचं दुकान. रागीट. बक्षीस – जिंकणं. पक्का व्हायला वेळ लागेल, पण मग सुटणार नाही.'

सर बाहेर आले. मी वही आपटली. "सर, मी काय माकड आहे?"

"नाही," ते शांतपणे म्हणाले. "माकड चार महिन्यांत शिकलं असतं."

"अन् ते जिंकणं? ते सगळं खोटं होतं?"

"कड्या तर खऱ्या होत्या ना, गा. पाहा, पेटीभर पडल्या आहेत."

पेटी खरंच भरलेली होती. मी काहीतरी वाईट बोललो आणि उठलो. निघताना खुंटीवर त्यांची पिशवी दिसली. तिच्या बंदाला घंटी नव्हती. ते मला दिसलं, पण समजलं नाही.

त्यानंतर सर दुकानात आले नाहीत आणि मी त्यांच्याशी बोललो नाही. महिना-दीड महिना घंटीही वाजली नाही. मी म्हटलं, सुटलो.

मे महिन्यातली दुपार होती. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. मी पंख्याखाली कुलपांच्या पेट्या लावत होतो. घंटी वाजली. एकदा नाही, पावलापावलाला वाजत होती.

मी बाहेर होतो. अख्खी गल्ली बाहेर होती. शेवंताबाई तिच्या टेबलापुढे, जिन्याखालचा शिंपी, गिरणीवाला पिठानं पांढरा झालेला. सगळे उन्हात, आपापल्या दारासमोर. कुत्रं मधोमध. तारेवर कावळे, गप्प. आम्ही सगळे सर दिसण्याची वाट पाहत होतो आणि सर कुठंच नव्हते.

मधून काकू, सरांच्या पत्नी, चालत येत होत्या. अनवाणी. घंटी त्यांच्या कमरेच्या जुडग्याला बांधलेली होती. डांबर वितळत होतं आणि त्या कुठंतरी दूर बघत, हसत चालल्या होत्या. शेवंताबाईनं त्यांचा दंड धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. शिंप्यालाही चुकवून पुढे आल्या. आता फक्त मी उरलो होतो. माझ्यामागे मोकळा तुकडा आणि रूळ.

"काकू, कुठं चालल्या?"

"खाप्याले, माहेरी. बाबा वाट पाहून राहिले. सरक."

दुरून इंजिनाचा भोंगा ऐकू आला. ओढून धरलं असतं तर त्यांनी हिसडा दिला असता. मला एकच विद्या येते. मी म्हटलं, "खाप्याले रिकाम्या हातानं जाता? बाबांच्या गोठ्याले कडी नाही नेत?"

त्या थांबल्या. "कडी? दाखव."

मी त्यांना सावलीत आणलं, खुर्ची दिली, पायांवर माठातलं पाणी ओतलं आणि कडी दाखवली. भाव सांगितला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच शरमलो. "लुटून राहिला काय गा? असली कडी खाप्यात फुकट भेटते." मी थोडा उतरलो. त्या उठायला लागल्या. मी आणखी उतरलो. मागून गाडी धडधडत गेली, आम्ही दोघंही भावातच होतो. सर धापा टाकत आले तेव्हा मी ती कडी जवळजवळ फुकट देऊन बसलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा.

सरांच्या शर्टाची बटणं खालीवर लागली होती. डोळा लागला होता त्यांचा. ते काकूंच्या खुर्चीशी खाली जमिनीवर बसले.

"मला आधी सांगितलं काहून नाही?" मी ओरडलोच. "इतका का मी वाईट आहे?"

"सांगितलं असतं तर चार दिवस लक्ष ठेवलं असतं तुम्ही," ते म्हणाले. "मग दुकान आहे, घर आहे. सांगितलेलं माणूस विसरते, प्रभाकरराव. शिकलेलं नाही विसरत." काकूंच्या तळव्याचं डांबर ते नखानं काढत होते. "धंतोलीच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एक दिवस ह्या घर विसरून कुठंतरी निघून जातील. म्हणून आधी तुम्हा सगळ्यांना घंटीवर पक्कं केलं. मग घंटी हिच्या कमरेला दिली. तिच्या माहेरची आहे, म्हणून तिनं काढून नाही टाकली."

काकू कडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सरांकडे पाहून म्हणाल्या, "कोण गा तू? ये, बस."

त्यापुढच्या थंडीत काकू गेल्या, झोपेतच. महिन्याभरानं सर दुकानात आले. घंटी रुमालात घट्ट गुंडाळलेली. "घरात नाही ठेवू शकत," म्हणाले. "तुमच्या लोखंडात पडून राहू द्या." मी ती बिजागऱ्यांच्या खोक्यात तळाशी टाकली. त्यांनी फसवलं ते मी विसरलो नव्हतो, म्हणून बसा म्हटलं नाही.

मागच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक बिजागऱ्या उपसत होतं. "हे काय आहे?" म्हणून त्यानं घंटी उचलली आणि हलवली.

मी बाहेर होतो. शेवंताबाई बाहेर होती. शिंपी, गिरणीवाला, कुत्रं. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि ओशाळून हसणार, तोच गल्लीच्या दुसऱ्या टोकाचं फाटक आपटलं.

सर धावत येत होते. अनवाणी, बनियनवर. आमच्यापैकी कोणाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते सरळ रुळांकडे बघत धावत होते. माझ्या दुकानासमोर आले आणि थांबले. रिकाम्या रुळांकडे बघत बराच वेळ उभे राहिले. मग स्वतःच्या हातांकडे बघितलं. हात पुढे आलेले होते, कोणाला तरी धरायला.

"मी कधी शिकलो," ते हळूच म्हणाले, "ते मलेच नाही समजलं, गा."

मी आत गेलो. खुर्ची बाहेर आणून सावलीत ठेवली, माठातून पाणी आणलं. मग एक कडी काढून त्यांच्या हातात दिली आणि भाव सांगितला, दुप्पट.

त्यांनी कडी उलटसुलट पाहिली. "फार होते," म्हणाले.

"बसा," मी म्हटलं. "बसून बोलू."