सनीव्हेलचे विरजण सोडविले त्याची हकीकत

श्री. शके १९०८, क्षयनाम संवत्सरे, ज्येष्ठ वद्य पक्षी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, राजश्री उल्हासराव, वस्ती सनीव्हेल, अपार्टमेंट दुसरा मजला, यांचे विरजण परहस्ती गेले आणि बहुत पराक्रमे परत आणिले, ती हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे. पदरचे तिखटमीठ लाविले नाही.

मूळ कारण ऐसे. राव आठवडाभर संगणकाच्या चिपांच्या कारखान्यात चाकरी करीत आणि शनिवारी घरी बीअर करीत. एक घाणा उतरला की बादलीच्या तळाचा यीस्टचा गाळ बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवीत आणि पुढील घाण्यास तोच घालीत. ऐसा तो गाळ पिढीजात जाहला आणि बीअर नामी उतरू लागली. ऐशात नागपुराहून रावांच्या सासूबाई, मातुःश्री सुहासिनीबाई, मुक्कामास आल्या आणि बरणी हाती धरून पुसत्या जाहल्या की हे काय. सासूपुढे बीअरचे नाव घेण्याची रावांस छाती न जाहली. सबब "विरजण आहे, आई," ऐसे बोलून गेले. तेथेच घात जाहला.

मग स्वातंत्र्यदिनी रावांनी माल्टचा काढा उकळिला, निवविला, बादलीत ओतिला आणि फ्रीज उघडिला, तो बरणी गायब! यीस्टचे दुकान सुटीमुळे बंद, आणि काढा तैसाच राहता तर नासणार.

मातुःश्री म्हणाल्या, "अहो, क्युपर्टिनोची कांचन काल आली होती. दही लागत नाही म्हणाली, दिलं. विरजणाला कोणी नाही म्हणतं का?"

"बरणीसकट?"

"मग काय ओंजळीत देऊ?"

रावांच्या पत्नी उत्तराबाई "ओ गॉड, आई!" इतके बोलून उशीत तोंड खुपसून हसू लागल्या, सबब त्या आघाडीवरून कुमक न मिळे. मग राव टोयोटावर स्वार होऊन क्युपर्टिनो गावी कूच करते जाहले आणि मातुःश्रीही पर्स घेऊन पुढील आसनी बैसल्या आणि वाटेत परेड आडवी आली आणि राव मनी जळत असता मातुःश्री बँडवाल्यांस हात हालवीत राहिल्या.

कांचनबाईंनी दारातच तोफ डागली. "काय हो उल्हास, कसलं हे विरजण? दूध जसंच्या तसं! आणि वास असा, की श्रीरंग सकाळपासून पातेल्याभोवती घुटमळतोय." इतके बोलून त्यांनी आत जाऊन बरणी सिंकमध्ये उपडी करण्यास उचलिली. रावांनी झेप घालून ती दोहो हाती धरिली, आणि सासूचे भय सोडून गर्जना केली, "ओतू नका! बीअरचं यीस्ट आहे ते!"

हे ऐकताच कांचनबाईंचे यजमान श्रीरंगराव हर्षभरित होऊन खुर्चीवरून उठले.

मातुःश्रींनी बरणी नाकाशी नेली, विचार केला आणि फर्माविले, "त्यानं काहीतरी लागतं ना? मग विरजणच की. कांचन, दे त्यांना. आणि जावईबापू, पुढच्या वेळी लागेल त्यातलं थोडं हिच्याकडे पोचवायचं." या कलमावर तह जाहला. श्रीरंगरावांनी तो तत्काळ मान्य केला.

त्याच सांजेस गाळ काढ्यात पडला. दुसरे दिवशी बादलीत फेसाचे डोंगर उठले आणि झाकणातील नळी डुबुक डुबुक वाजू लागली. मातुःश्रींनी बादलीस कान लाविला, आणि लागलीच नागपुरास फोन लावून यजमानांस ओरडून कळविले, "अहो ऐका, उल्हासरावांचं विरजण काय सुरेख लागलंय!"

येणेप्रमाणे सनीव्हेलकरांची फत्ते जाहली. विरजण कशास लागले, हे नागपुरास अद्याप जाहीर नाही.