उद्यापर्यंत पडायचं नाही!

"पुढं पुढं चाले राया, मागं वळून वळून पाहे..." शिवणयंत्राच्या खडखडाटातून येणारा मावशीचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. ओळ तिचीच, चालही तिचीच. दोरा दातानं तोडत म्हणायची, "पोरी, वळून पाहणारा मिळाला की समज, सगळं मिळालं!"

मला मिळाले ते नुसते पुढं चालणारे. वळणं यांच्या रक्तातच नव्हतं! बाजारात मी हरवले, तर हे घरी पोचून, हातपाय धुऊन, मग म्हणणार, "अरेच्चा, पिशवी हिच्याकडेच राहिली!"

आणि अशा माणसाचं, लग्नाला पंचवीस वर्षं उलटल्यावर, गेल्या महिन्यात माझ्यावर प्रेम जडलं! हसू नका. माझ्याकडे पुरावे आहेत.

आधी माझ्या हातातली सुरी काढून घेतली. "ठेव खाली! मी चिरतो." काकडीचा एकेक तुकडा दाराला अडसर लावावा एवढा! पण मी विरघळले. मग जिना उतरताना हात धरू लागले. रस्ता ओलांडताना दोन्ही हात पसरून ट्रकसमोर उभे! मी एकदा शिंकले, तर चेहरा असा झाला, जणू घराचं छप्परच उडालं. कुणी घसरू नये म्हणून घरभर पायपुसणी अंथरली. सासऱ्यांच्या हातातला अक्रोडसुद्धा हिसकावून घेतला.

"दात माझे, अक्रोड माझा!" सासरे कडाडले. "मला काय काचेच्या कपाटात ठेवणार आहेस?"

"थोडेच दिवस, बाबा," हे पुटपुटले.

शेजारच्या वहिनींना मी हे सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी त्याच संध्याकाळी आपल्या नवऱ्याच्या हाती सुरी दिली. "शिका जरा शेजारून!"

भाऊजींच्या अंगठ्याला टाके पडले. पट्टी बांधलेला अंगठा नाचवत ते आमच्या दारात उभे. "वहिनी, तुमचं प्रेम मला महागात पडलं हो! विमा होता म्हणून निभावलं."

हे ऐकताच आमचे हे भरल्या ताटावरून उठून गॅलरीत गेले. मला वाटलं, लाजले!

या मायेची परतफेड करायची, असं मी ठरवलं. यांच्या आवडीचा निळा पडदा गुपचूप लावायचा. काल दुपारी स्टुलावर चढले. ओठांत मावशीची ओळ, हातात पडदा. तेवढ्यात हे दारात!

"उतर खाली! आज नको! आजचा एक दिवस नको!"

असे धावले, की एका पायपुसण्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर आणि तिथून थेट फरशीवर! मी स्टुलावर सुखरूप. यांचा घोटा मात्र भोपळ्यासारखा टरारून फुगला.

"आधी दवाखान्यात चला! विमा आहे, घाबरता कशाला?"

"आज नाही गं," हे कण्हले. "उद्या पडलो असतो, तर चाललं असतं."

"पडायलाही मुहूर्त लागतो?"

मग एकेक शब्द अक्कलदाढ उपटावी तसा बाहेर आला. दवाखान्यांची बिलं चढली, तसा विम्याचा हप्ताही यंदा भलताच चढला. हे स्वस्त विमा शोधत दारोदार घासाघीस करत बसले, आणि तेवढ्यात जुन्याची मुदत टळून गेली! महिनाभर अख्खं घर बिनछत्रीचं. नवा विमा उद्यापासून.

"म्हणजे उद्यापासून मी पडलो तरी चालेल?" सासऱ्यांनी विचारलं.

"पडायला हरकत नाही, बाबा, अपघाताला विमा लगेच लागू. आजारी पडायला मात्र अजून महिनाभर थांबावं लागेल."

"आणि अक्रोड?"

सुरी, जिना, शिंक... माझे सगळे पुरावे माझ्याच डोळ्यांदेखत वितळले. प्रेम कसलं, हप्ता चुकला होता!

तरी दवाखान्यात नेणं भागच होतं. पिशवी घेऊन मी जिन्यात पुढं, कठडा धरून हे लंगडत मागं. दर पायरीला मी वळून वळून पाहत होते. रागानं हं!

"अगं, पुढं बघ! पडशील!"

"ठाऊक आहे! विमा उद्यापासून आहे!"

"खड्ड्यात गेला विमा!" हे एवढ्या मोठ्यानं ओरडले, की वरच्या मजल्यावरचं दार उघडलं. मग आवाज एकदम खाली आला. "पैसे कुठूनही आणले असते गं. तुला कुठून आणणार होतो?"

शेजारच्या वहिनींना मी यातलं हे एवढंच वाक्य सांगितलं. आधीचं कशाला!