इस्माईलभाईंची पोरं

इस्माईलभाई परकार मोबाइलवर अमेरिकन फुटबॉल बघतात तेव्हा पडद्यावर अंगठा ठेवून चेंडू झाकून टाकतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, त्यांच्या मोबाइलची काच फुटली असावी. विचारलं तर म्हणाले, चेंडूकडे सगळं जग बघतं, त्यात माझी भर कशाला? चेंडू दिसला की डोळा तिकडे पळतो आणि पोरगा काय करतो ते बघायचं राहून जातं.

पोरगा म्हणजे पास रशर. मलाही हे आधी माहीत नव्हतं, म्हणून सांगतो. त्या खेळात एक जण चेंडू लांब फेकायला उभा असतो. त्याला वाचवायला पुढे पाच धिप्पाड माणसांची भिंत असते. ती भिंत फोडून किंवा तिला वळसा घालून, चेंडू हातातून सुटायच्या आत फेकणाऱ्याला आडवा करायचा, हे ज्याचं काम तो पास रशर. अशी पोरं कॉलेजांतून खेळतात आणि दरवर्षी एप्रिलच्या शेवटी व्यावसायिक संघ त्यांच्यातून आपल्याला हवी ती उचलतात. तीन दिवस, सात फेऱ्या. त्याला ड्राफ्ट म्हणतात. यात कोण उचलला जाणार आणि उचलल्यावर कोण टिकणार, हे सांगण्यात इस्माईलभाईंचा हात धरणारा अख्ख्या बहरीनमध्ये नाही, असं आमचे साहेब म्हणतात. आणि ते मी गेली चार वर्षं ऐकून घेतो आहे.

आमची कंपनी एअर कंडिशनर बसवते आणि दुरुस्त करते. ऑफिस उम्म अल हस्समला. वरच्या मजल्यावर मी व्हिसा, रेसिडेंट कार्ड आणि रजेचे कागद बघतो. तळमजल्यावर स्टोअर आहे आणि तिथे कॉम्प्रेसर, तांब्याचे पाइप आणि फिल्टरच्या खोक्यांमध्ये इस्माईलभाई बसतात. गाव दापोलीजवळ. तीस वर्षं झाली त्यांना इथे येऊन. बायको पाच वर्षांपूर्वी गावीच वारली, मूलबाळ नाही. नईम भागात एका शिंप्याच्या दुकानावर त्यांची खोली आहे.

हा खेळ त्यांना भेटला तो एका अमेरिकन माणसाच्या घरी एसीचा फिल्टर बदलताना. टीव्हीवर एक दांडगा गडी तीन बोटं जमिनीला टेकवून दबा धरून बसला होता. इस्माईलभाई फिल्टर हातात घेऊन बघतच राहिले. तरुणपणी ते कबड्डी खेळायचे, कोपरारक्षक म्हणून. त्या गड्याचा खांदा एकीकडे गेला आणि कंबर दुसरीकडे, आणि समोरचा फसला. "मी म्हटलं, हा तर आपल्यातलाच निघाला," असं ते आजही सांगतात, नातेवाईक भेटल्यासारखं.

अमेरिकन नावं त्यांच्या जिभेला वळत नाहीत, म्हणून पोरांना त्यांनी गावं दिली आहेत. एक हर्णैचा, एक खेडचा, एक मंडणगडचा. जुन्या स्टॉक रजिस्टरात प्रत्येकाचं एक पान. शेरे मात्र सगळे एसीचे. 'कॉम्प्रेसर जबर, थर्मोस्टॅट मफी' (मफी म्हणजे इथल्या अरबीत 'नाही'), म्हणजे ताकद भरपूर पण कुठे थांबायचं ते कळत नाही. 'गॅस लीक', म्हणजे सामना संपत आला की दमतो. एका फार गाजलेल्या पोराच्या पानावर फक्त 'विंडो एसी' लिहिलं होतं. मी अर्थ विचारला तेव्हा म्हणाले, आवाजच जास्त.

आमचे डेल साहेब अमेरिकेचे. मायदेशातल्या जुन्या मित्रांबरोबर ते दरवर्षी एक खेळ खेळतात: कोणता पोरगा कितव्या फेरीत जाणार ते आधी लिहून पाठवायचं. चार वर्षांपूर्वी स्टोअरमध्ये काही कामाला गेले असताना त्यांनी ते रजिस्टर पाहिलं. तेव्हापासून मार्च लागला की वरून हाक येते, "इस्माईल, यल्ला!" आणि इस्माईलभाई रजिस्टर काखेत मारून जिना चढतात, माझ्या टेबलासमोरून. साहेबांचं दार बंद होतं. आत चहा जातो.

मी या कंपनीत अकरा वर्षं आहे. साहेबांचा स्वतःचा व्हिसा दर खेपेला मी रिन्यू करून आणतो. साहेब मला अजून 'काडॅम' म्हणतात. कदम हे काही अवघड नाव नाही. चहासुद्धा मला माझा मीच आणावा लागतो.

एकदा मी बायकोला आणि मुलीला घेऊन अदलियातून गाडीनं चाललो होतो. एका कॅफेच्या काचेआड साहेब आणि इस्माईलभाई. इस्माईलभाई दोन मिठाच्या बाटल्या टेबलावर सरकवून काहीतरी दाखवत होते आणि साहेब वहीत उतरवून घेत होते. बायको म्हणाली, तुमचा साहेब किती साधा माणूस आहे ना. मी हॉर्न वाजवला, समोर कुणी नसताना. माझी मुलगी रेवा इंग्रजी शाळेत जाते, माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते. पण इस्माईलभाई घरी आले की त्यांच्याशी मोडकंतोडकं मराठी बोलते, कारण त्यांनी तिला सोफ्याची भिंत करून वळसा कसा घालायचा ते शिकवलं आहे. बघता बघता माझ्या घरातही इस्माईलभाई माझ्यापेक्षा वरच्या नंबरावर जाऊन बसले होते.

या वर्षी मी ठरवलं की बास. जानेवारीपासून मी अभ्यासाला लागलो. तज्ज्ञांचे लेख वाचले, याद्या उतरवल्या, पोरांच्या हातांची लांबी आणि धावण्याच्या वेळा पाठ केल्या. शाळेत असताना एवढा अभ्यास केला असता तर मी आज या टेबलाच्या वर बरंच काही झालो असतो. मार्चमध्ये साहेबांची हाक आली तशी मीही फाइल घेऊन मागोमाग आत शिरलो. म्हटलं, सर, माझाही थोडा अभ्यास आहे.

माझा उमेदवार होता एक सहा फूट पाच इंची पोरगा. सगळे तज्ज्ञ त्याच्यावर फिदा. मोकळ्या मैदानात तो किती सुसाट धावतो, ते मी आकड्यांसह सांगितलं. साहेब प्रभावित झालेले दिसले.

"चांगला आहे पोरगा," इस्माईलभाई म्हणाले. "पण धावला तेव्हा पुढे भिंत होती का?"

साहेबांना त्याचं इंग्रजी करून सांगायची वेळ माझ्यावरच आली. ते टेबलावर हात आपटून हसले.

इस्माईलभाईंचा उमेदवार होता गुहागरचा. म्हणजे कुठल्यातरी आडगावच्या छोट्या कॉलेजचा, बुटका, डावखुरा. कुठल्याच यादीत त्याचं नाव नव्हतं. पण तो आडवा पडला तरी गुडघ्यांवरून उठून पुन्हा धावतो, हे त्यांनी तीन सामन्यांत पाहिलं होतं. चौथ्या फेरीत जाईल, इंशाल्ला, असं ते म्हणाले. मी म्हटलं, सातव्यातही जाणार नाही. साहेबांनी दोन्ही लिहून घेतलं.

ड्राफ्टचे ते तीन दिवस मी सकाळी उठल्या उठल्या दात घासायच्या आधी मोबाइल बघत होतो. शुक्रवारी सकाळी माझा लंबू पहिल्याच फेरीत गेलेला दिसला. मी बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, कोण लंबू? शनिवारी गुहागरचा नव्हता. रविवारी ऑफिसला निघण्यापूर्वी मी सातही फेऱ्यांची यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. गुहागरचा कुठेच नव्हता. वाटेत थांबून मी हलव्याचा मोठा डबा घेतला.

साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "वेल डन, कदम," म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा नीट. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. सगळ्या ऑफिसला हलवा वाटून झाला, आणि मग उरलेला डबा घेऊन मी मुद्दाम जिना उतरलो. मला इस्माईलभाईंचं तोंड बघायचं होतं.

ते एका खोक्यावर कागद ठेवून लिहीत बसले होते. मला बघून म्हणाले, "बरं झालं आलात, कदमभाऊ. जरा माझं इंग्रजी बघा."

गुहागरच्याला पत्र होतं ते. कॉलेजच्या पत्त्यावर. मोठ्या, वळणदार अक्षरात, प्रत्येक शब्द सावकाश लिहिलेला. मी वाचू लागलो. स्पेलिंगच्या चुका होत्या, काळ चुकले होते, पण मजकूर कळत होता. तो असा: मी बहरीनमध्ये राहतो. मी तुझे सगळे सामने पाहिले आहेत. पावसातल्या सामन्यात तुला दोघांनी मिळून पाडलं आणि तू उठून पुन्हा गेलास. चेंडू तोपर्यंत निघून गेला होता, म्हणून ते कुणी पाहिलं नसेल. मी पाहिलं. तुझी कंबर फार चांगली आहे. खाणं सोडू नकोस.

मी विचारलं, हे दरवर्षी लिहिता? ते म्हणाले, जेवढे निवडीतून राहून जातात तेवढ्यांना. माझ्या रजिस्टरातल्यांना तरी. या वर्षी नऊ आहेत. उत्तर येतं का, तर एकदा आलं होतं. त्यांना काय, हजार कामं असतील.

"निवड झालेल्यांना फोन करायला सगळी दुनिया असते," ते म्हणाले. मग पेनाला टोपण लावलं. जिल्ह्याच्या कबड्डी संघाची यादी शाळेच्या फळ्यावर लावली होती, असं त्यांनी सांगितलं. एकोणीस वर्षांचे होते. यादी दोनदा वाचली आणि चालत घरी गेले. घरी कुणी काही विचारलं नाही, कारण ते निवडीला गेले होते हेच कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानंतर कबड्डी खलास.

एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं आणि हलवा कशाचा म्हणून विचारलं. मी म्हटलं, असाच. त्यांनी एक तुकडा खाल्ला, चांगला आहे म्हणाले, आणि माझा लंबू पहिल्या फेरीत गेला त्याबद्दल माझं अभिनंदन केलं. मनापासून केलं. तोंड बघायला मी आलो होतो, पण माझंच तोंड कुठे लपवावं ते मला कळेना.

मी पत्रातली तीन स्पेलिंगं दुरुस्त केली. बाकीचं तसंच राहू दिलं. माझं अक्षर बरं म्हणून पाकिटावर पत्ता लिहायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं आणि ते दुसऱ्या पोराच्या पत्राला बसले. बाहेर गाडीत पाइप चढवत होते, त्यांचा आवाज येत होता. त्या गुहागरच्याला मी कधी नीट पाहिलंही नव्हतं. आता काही दिवसांनी तो हे पाकीट फोडेल आणि त्याला कळेल की जगाच्या या टोकाला एका माणसानं आपल्याला पडताना नाही, उठताना पाहिलं आहे. मला त्या पोराचा इतका हेवा वाटला की पिनकोड दोनदा चुकला आणि पाकीट बदलावं लागलं.