पास झालेल्या कॅमेऱ्याचा चुरा

"एक सांगितला होता," बायको म्हणाली. "हे दोन कशाला?"

टेबलावर दोन सारखी खोकी शेजारी शेजारी उभी होती आणि त्यांच्यामागे नवरा उभा होता, परीक्षेत पहिला आल्यासारखा.

"एक वापरायला," तो म्हणाला, "आणि एक तपासायला."

बायको मटकन खुर्चीत बसली. तिला धक्का बसावा असं त्यात नवीन काही नव्हतं, तरी बसला. नवरा सुटकेस बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होता. बावीस वर्षं त्याचा धंदा एकच, धडधाकट वस्तूला ती मोडेपर्यंत झोडपायचं. शंभर बॅगांतली एक उचलायची, उंचावरून कोपऱ्यावर आपटायची, पाण्यात बुडवायची, तिची मूठ दहा हजार वेळा ओढायची. उरलेल्या नव्व्याण्णव बॅगांना कोणी बोटही लावत नाही. त्या गिऱ्हाइकाच्या घरी जातात आणि आपली बॅग तपासलेली आहे या आनंदात तो झोपतो. जगात याला दर्जा म्हणतात.

ही सवय कारखान्यात राहिली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण चार दिवसांच्या रानातल्या मुक्कामासाठी घरात जे जे आलं, ते ते नवऱ्यानं तपासलं. तंबू तीन दिवस न्हाणीघरात भिजत ठेवला, त्याच्या शिवणी उसवल्या. घडीच्या खुर्चीवर वाळूची पाच पोती रचली, ती पाचव्या पोत्याला बसली ती उठलीच नाही. विजेरी जिन्यावरून सोडली. बायको हॉस्पिटलात ऑपरेशनच्या खोलीतली नर्स. सहा वर्षांत तिला सलग चार दिवस सुट्टी पहिल्यांदाच मिळत होती. मोडकी विजेरी हातात घेऊन ती शांतपणे एवढंच म्हणाली होती, की आता आणखी एक वस्तू गेली तर तुम्ही घरी राहायचं. मी दादा-वहिनीबरोबर जाईन.

नवऱ्याला जायचं होतं. फार जायचं होतं. नवे बूट पायाला बसावेत म्हणून तो महिनाभर घरात ते घालून फिरत होता, खालच्या मजल्यावरची म्हातारी दोनदा वर येऊन बोलून गेली होती.

आणि कॅमेरा हा बायकोचा हट्ट होता. मागच्या सहलीत फोन ओढ्यात पडला आणि सगळे फोटो त्याच्याबरोबर वाहून गेले. तिला आता फक्त फोटो काढणारी, पाण्यापावसाला न घाबरणारी, खिशात मावणारी वस्तू हवी होती. म्हणून नवरा दुकानात गेला आणि दोन तास बाहेर आला नाही. दुकानदारानं पहिला कॅमेरा दाखवला, त्याचं भिंग लांब बाहेर यायचं. नवऱ्यानं तो बाजूला सारला. जे बाहेर येतं ते आधी तुटतं. दुसऱ्याला बटणंच नव्हती, सगळं काचेवर बोट लावून. ओल्या बोटाला तो ओळखेना. तिसरा नारिंगी, चपटा, भिंग आत, बटणं ठसठशीत, बॅटरीच्या झाकणाला दुहेरी कडी. हा दोन मीटरवरून पडला तरी चालतो, असं दुकानदार म्हणाला.

"कुठल्या कोपऱ्यावर?" नवऱ्यानं विचारलं.

दुकानदारानं खोक्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "आजपर्यंत असं कुणी विचारलं नाही, साहेब."

"विचारत नाहीत म्हणून तर तुमची दुकानं चालतात."

निघायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, नवरा दोनांतला एक कॅमेरा कारखान्यात घेऊन गेला. आधी दोन मीटरवरून सिमेंटवर, आठही कोपऱ्यांवर एकेकदा. कॅमेरा चालू. मग टाकीत तासभर. चालू. मग बर्फाच्या पेटीत, मग वाळू भरलेल्या फिरत्या पिंपात, मग गदागदा हलणाऱ्या टेबलावर एका विटेबरोबर. विटेचे दोन तुकडे झाले. कॅमेरा चालूच. तोपर्यंत पॅकिंगची सगळी माणसं काम टाकून भोवती जमली होती. कुणी हसत नव्हतं. सगळ्यांत जास्त हादरला होता तो नवराच. बावीस वर्षांत त्याच्या हातून जिवंत सुटलेली ही पहिली वस्तू होती. त्यानं ओल्या हातानं जमलेल्यांचा एक फोटो काढला. फोटोत एकाचंही तोंड मिटलेलं नव्हतं.

आत पाणी शिरलं का बघायला त्यानं झाकण उघडलं, बॅटरी काढून खिशात टाकली. आत कोरडं ठणठणीत. त्यानं तक्त्यावर 'पास' लिहिलं. मग बावीस वर्षांच्या हातानं बावीस वर्षांचं काम केलं. कॅमेऱ्याला लाल पट्टी चिकटवली, गाड्यावर ठेवला आणि जेवायला गेला.

या कारखान्यात लाल पट्टीचा अर्थ एकच. तपासून झालेला नग, पास होवो की नापास, चुऱ्याच्या यंत्रात जातो. मार खाल्लेला माल विकता येत नाही, असा नियम आहे. कुणी केला, कधी केला, कुणाला ठाऊक नाही. पण पाळतात सगळे. डोकं लागत नाही असे नियम माणसं जिवापाड पाळतात.

डब्यातला तिसरा घास तोंडात असताना नवऱ्याचा हात खिशातल्या बॅटरीला लागला. तो तसाच धावला. चुऱ्याच्या यंत्रावरची बाई हात पुसत होती. तिनं सांगितलं की आजच्या मालात एक नारिंगी नग भलताच चिवट निघाला, यंत्र दोनदा अडलं, पण तिसऱ्यांदा घेतलाच.

"अहो बाई, तो पास झाला होता."

"पास-नापास मला कळत नाही," बाई म्हणाली. "मला पट्टी कळते."

तिनं दया येऊन मूठभर नारिंगी चुरा पिशवीत घालून दिला. घरी न्यायला.

संध्याकाळी बायको कपडे भरत होती. नवऱ्यानं खोटं बोलायचा विचार केला होता, पण पिशवी हातातच होती.

"मोडला ना?" तिनं वर न बघता विचारलं.

"नाही. पास झाला. सगळ्यात पास झाला."

"मग कुठे आहे?"

नवऱ्यानं पिशवी पुढे केली. बायकोनं आत पाहिलं. रोज माणसांची पोटं उघडी बघणारी बाई, पण असलं काही तिनं पाहिलं नव्हतं.

"जो टिकला, त्याचा चुरा केलात?"

"नियम आहे."

"आणि ज्याचं काही माहीत नाही, तो मी न्यायचा?"

"हो म्हणजे... गिऱ्हाइकाला तोच जातो."

हे वाक्य नवऱ्यानं हजार वेळा उच्चारलं असेल. ऐकलं मात्र आज पहिल्यांदा. त्याचे कान तापले.

"हा नियम आमच्याकडे लावला," बायको म्हणाली, "तर बरा झालेला पेशंट आधी जाळायला लागेल."

त्यानं शेवटचा प्रयत्न केला. वस्तू मोडली तर घरी राहायचं असं ठरलं होतं, आणि तपासणीत तर ती मोडलीच नव्हती. बायको म्हणाली, बरोबर आहे, मोडली नाही, दळली. एवढं बोलून तिनं त्याच्या कपड्यांची चळत बॅगेतून काढून पलंगावर ठेवली. नीट घडीसकट. आपटली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

उरलेला कॅमेरा न तपासलेला. तो तसाच कसा द्यायचा? रात्र व्हायच्या आत नवऱ्यानं कारखान्यातून नमुने ठेवायची जाड लोखंडी पेटी आणली, आत चारी बाजूंनी जाड स्पंज लावला, मधोमध कॅमेरा खोक्यासकट बसवला आणि दोन कुलुपं घातली. सकाळी बायकोच्या भावानं ती उचलली आणि कंबर धरली.

"काय रे हे? शिवणयंत्र?"

"कॅमेरा आहे, दादा. खिशात मावणारा."

दादानं एकदा त्याच्याकडे, एकदा पेटीकडे बघितलं आणि गाडी सुरू केली.

नवरा चार दिवस एकटा राहिला. सोमवारी कारखान्यात जाऊन त्यानं मॅनेजरला थेट विचारलं, की साहेब, जो माल टिकतो तो आपण का मारतो, आणि ज्याची खात्री नाही तो का विकतो? मॅनेजरचा चेहरा पांढरा पडला. दार लावून घेत त्यानं हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मग पाणी पाजलं आणि अर्ध्या दिवसाची रजा दिली. त्यानंतर गाड्यावरच्या लाल पट्ट्या नेहमीसारख्या चुऱ्याकडे गेल्या.

मंगळवारी संध्याकाळी बायको परत आली. नाक उन्हानं सोललेलं, केसांत गवताच्या काड्या, आणि चेहरा असा की सहा वर्षांत त्यानं तो पाहिला नव्हता. तिच्यामागून दादानं पेटी आत आणून आदळली आणि तो गेला. नवऱ्यानं आधी कुलुपं उघडली, मग 'बरी आहेस ना' म्हणाला. क्रम चुकला, पण तिनं लक्ष दिलं नाही.

स्पंज जागच्या जागी होता. खोकं जागच्या जागी. खोक्यावरचं सीलसुद्धा तसंच.

"एकही फोटो नाही?" त्यानं खोकं उलटंपालटं करून पाहिलं.

"दुसऱ्या दिवशी खोक्यातून काढणार होते," ती बुटांच्या नाड्या सोडत म्हणाली. "समोर दरीत ढग खाली, आम्ही वर. मग वाटलं, हातातून पडला, बंद पडला, तर हा माणूस मरेपर्यंत म्हणेल, न तपासलेला होता. म्हटलं नको. डोळ्यांनीच बघितलं."

नवरा पेटीशेजारी खाली बसला. जगातला सगळ्यात टिकाऊ कॅमेरा, आणि त्याला त्यानं नुसत्या तोंडानं बंद पाडलं होतं.

"म्हणजे एवढं ओझं फुकट वाहिलंत."

"फुकट कशाला? तिसऱ्या दिवशी वारा असा सुटला की दादाच्या तंबूच्या खुंट्या उपटल्या. त्यानं एका बाजूची दोरी या पेटीला बांधली. ती बाजू केसभर हलली नाही."

"आणि दुसरी?"

"ती वहिनीला घेऊन करवंदीच्या जाळीत गेली."

तिनं दुसरा बूट काढला, पाय लांब केले आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पुढच्या वेळी तुम्ही चला," ती म्हणाली. "त्या बाजूलाही काहीतरी जड लागतं."

नवरा उठून आत गेला आणि आपण किती भरतो ते बघायला वजनकाट्यावर उभा राहिला.