गयामावशींना बाहेरचं दिसतं

"मादागास्करमधी औंदा पाऊस कसा हाय?"

ताडकळसला खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकीणबाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, आडनाव नाही, थेट मादागास्कर! माझ्या हातातली बॅग खाली पडली. मी परभणी शहरात वाढलेली, इथल्या शाळेत भूगोल शिकवायला आलेली. तेवढं मी सांगितलं; तिथल्या पावसाचं काही ठाऊक नव्हतं.

"भूगोल शिकवता आन् ठाऊक न्हाई?" आता धक्का गयामावशींना बसला होता. "लवंग तिकडून येती, मॅडम. तिकडं वादळ सुटलं की हितं मसाला महागतो."

खोली मिळाली, पण अट होती. रोज सकाळी मोबाईलमधून 'बाहेरचं' वाचून दाखवायचं.

गयामावशींचा धंदा मिरची आणि मसाला कांडपाचा. खाली यंत्र, वर मी. तीन वर्षं झाली, मी शिंकत शिंकत वह्या तपासते आहे.

हे 'बाहेरचं' त्यांना एका प्रशिक्षणात लागलं. बचतगटाच्या बायकांना कुणीतरी एक दिवस परभणीला नेलं होतं. तिथल्या सरांनी फळ्यावर सहा चौकोन काढले आणि सांगितलं, धंद्यावर बाहेरून या सहा गोष्टींचा परिणाम होतो, त्यावर नजर ठेवा. बाकीच्या बायकांना त्या दिवसातला फक्त गुलाबजाम आठवतो. मावशी मात्र चौकोन घेऊन घरी आल्या आणि यंत्रामागच्या भिंतीवर त्यांनी ते गेरूने आखले: सरकार, पैसा, माणसं, यंत्र, हवा, कायदा.

शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे अक्षर मोठं आणि मजकूर थोडका. एकदा 'सरकार'मध्ये लिहिलं होतं, 'इलेक्शन. येसूर वाढवणे.' मी विचारलं, इलेक्शनचा आणि मसाल्याचा काय संबंध?

"माय माय! इलेक्शन आलं की पंगती, पंगतीला आमटी, आन् आमटीला येसूर. तुमी तर इलेक्शनची ड्युटी करता, तुमाला एवढं कळंना?"

कुणाची सोयरीक जुळली, कुठल्या गल्लीत मिक्सर आला, सगळं भिंतीवर. एकदा आम्ही एका मयताला गेलो होतो. मी डोळे पुसत होते, तर मावशी कानाशी लागून म्हणाल्या, "ह्यांच्यात आता वरीसभर सणवार न्हाई. मसाला निम्मा." त्याच घरी पुढे तेरा दिवस त्यांनी भाकरी थापून पाठवल्या, पण ते कुठल्या चौकोनात आलं नाही.

एकदा चारठाण्याच्या त्यांच्या बहिणीने फोनवर विचारलं, धंदा कसा आहे? मावशी म्हणाल्या, "आतलं समदं बेस हाय गं. बाहेरचंच लागलंय धंद्याला." आता आमच्याकडे 'बाहेरचं लागणं' म्हणजे भूतबाधा. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने बहीण हजर. सोबत अंगारा, पिशवीभर लिंबं आणि बाधा उतरवणारे एक म्हातारे बाबा!

मला वाटलं, मावशी दोघांना हाकलून देतात. कसचं काय! त्यांनी बाबांना बसायला पाट दिला आणि विचारलं, "बाबा, तुमचं गिऱ्हाईक कमी झालंय का वो?"

बाबा गडबडले. मग हळूच म्हणाले, "झालंय खरं. लोक सरळ दवाखान्यात न्यायलेत."

तासाभरात बाबांचे सहा चौकोन भरले. 'कायदा' आला तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि काढलेली लिंबं परत पिशवीत टाकली. जाताना ते मावशींच्या पाया पडले. पुढे ते रसवंत्यांना लिंबं पुरवायला लागले असं कळलं आणि मी गारच पडले.

पण सगळ्यात मोठं बाहेरचं रस्त्याच्या पलीकडे होतं. समोरचं कांडप लताचं, म्हणजे मावशींच्या सुनेचं. मी यायच्या आधीची गोष्ट. मावशींच्या मुलाने पुण्यात दुसरा संसार थाटला, तेव्हा मावशींनी चारचौघांत त्याचीच बाजू घेतली. "हिचंच काहीतरी चुकलं असंल," म्हणाल्या. लता त्याच दिवशी लेकीला घेऊन घराबाहेर पडली आणि वर्षाच्या आत समोरच्या गाळ्यात तिने यंत्र बसवलं. तेव्हापासून दोघींत एक शब्द नाही. मावशी तिचं नावसुद्धा घेत नसत, 'समोरची' म्हणत. आणि गावात मिरची काही एवढी नव्हती की दोन यंत्रं पोटभर चालावीत.

"समोरची टिकती का बुडती, ह्या उन्हाळ्यात कळंल," असं मावशी यंदा फाल्गुनातच म्हणाल्या होत्या. वर्षाची मिरची लोक उन्हाळ्यातच कांडून घेतात.

आणि ऐन हंगामात मावशींनी दाराला पाटी लावली: 'मिरची बंद. फक्त हळद व मसाला.'

लोक पोती घेऊन येत आणि मावशी ओरडत, "समोर जा! औंदा मिरची चौकोनात बसंना!"

मी भिंतीपाशी जाऊन चौकोन वाचले. माणसं: 'लग्नं लय.' हवा: 'ऊन कडक. मिरची चांगली वाळती.' सहाही चौकोन सांगत होते, मिरची घ्या.

"मावशी, तुम्ही याच्या बरोबर उलटं करताय."

"चौकोन बरोबर हायेत," त्या खाली बघत म्हणाल्या. "तवा माझं तोंड चुकलं. लेकाला काय बोलले न्हाई, आन् तिला बोलले."

"मग तिला सांगा ना तसं."

"सांगितलं तर माझ्याकडून आलेली मिरची घेनार न्हाई ती. लय ताठ हाय."

मला फार वाईट वाटलं. तीन वर्षं मी या बाईच्या गोष्टी शाळेत सांगून मैत्रिणींना हसवत होते.

मावशींनी फडताळातून एक डबा काढला. आत सुंठ-गुळाच्या गोळ्या. "दिवसभर मिरचीत असती, लय खोकायलीय. तुमी केल्यात म्हनून द्या."

मला चहासुद्धा धड करता येत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. तरी गेले. लताने एक गोळी तोंडात टाकली आणि यंत्र बंद केलं.

"आत्याबाईला म्हनावं, सुंठ जरा जास्त पडली," ती म्हणाली. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात.

मावशी दारातच उभ्या होत्या. "काय म्हनली?"

"आत्याबाईला सांगा म्हणाली, सुंठ जास्त पडली."

"आत्याबाई म्हनली?"

"हो."

"तुमी म्हनायलात का ती म्हनली?"

"तीच म्हणाली, मावशी."

त्या उंबऱ्यावर बसल्या. मी जिना चढायला लागले. अर्ध्यात पोहोचले असेन, तर खालून पुन्हा आवाज आला, "मॅडम, नक्की?"