उणे ऐंशी अंशांवरचा प्रभाव

ज्या संशोधनाचा प्रभाव मोजता येत नाही त्याला वीज पुरवणं ही उधळपट्टी आहे, असं संस्थेच्या व्यवस्थापनाने ठरवलं. मग प्रभाव मोजण्यासाठी एक कक्ष उघडण्यात आला. त्याला तळमजल्यावरची दोन प्रशस्त दालनं, न थांबता चालणारी वातानुकूलन यंत्रं आणि एक प्रभाव अधिकारी देण्यात आला. अधिकारी पूर्वी टूथपेस्टच्या कंपनीत होता. त्याचं विज्ञानाशी वैर नव्हतं, ओळखही नव्हती; अशाच माणसाला निःपक्षपाती म्हणतात.

त्याच्या पहिल्याच तडाख्यात काविळीच्या बाई सापडल्या. रक्तातून शिरून यकृतात मुक्काम ठोकणारा एक विषाणू हा त्यांचा विषय. तो एकाच घरातल्या दोन भावांना गाठतो. एकाचं शरीर त्याला हाकलून देतं आणि दुसऱ्याचं यकृत वर्षानुवर्षं कसलाही गाजावाजा न करता निकामी होत जातं. असं का, याचं उत्तर बाई माणसांच्या जनुकांत शोधत आल्या होत्या; त्यातला एक धागा त्यांनी पूर्वीच शोधून काढला होता. त्यासाठी घरोघर फिरून जमवलेलं रक्त त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कपाटाएवढ्या फ्रीजरमध्ये उणे ऐंशी अंशांवर ठेवलेलं होतं. रक्त देणाऱ्यांपैकी कित्येक माणसं आता नव्हती. फ्रीजरची वीज तोडली असती, तर त्यांचं उरलेलं एवढंसं अस्तित्वही नासून गेलं असतं.

"मॅडम, गुण फारच कमी पडतायत हो," अधिकारी हळहळला. "तुमच्या शोधाचा उल्लेख हल्ली कुणी करतच नाही."

"तो पाठ्यपुस्तकात गेलाय. आता सगळे गृहीतच धरतात. पाणी उताराकडे वाहतं हे लिहिताना कुणी खाली संदर्भ देतं का?"

"नाही ना? म्हणजे पाण्याचाही प्रभाव कमीच."

बाईंनी विचारलं, मग पहिला नंबर कुणाचा? तो शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याचा होता. जोरात शिंकल्याने यकृत साफ होतं, असा निबंध त्याने लिहिला होता आणि तो खोडून काढण्यासाठी जगभरातल्या शास्त्रज्ञांनी लेखण्या सरसावल्या होत्या.

"अहो, ते सगळे त्याला शिव्या घालतायत!"

"आमच्या यंत्राला शिव्या कळत नाहीत, मॅडम. नाव कळतं. तुम्हीही एखादी छानशी चूक का करत नाही?"

चूक करायला बाई तयार होईनात, तेव्हा सामाजिक प्रभाव तपासण्यात आला. तिथे तर आनंदच होता. नेमकी चाचणी आणि बरं करणारं औषध आल्यापासून बाह्यरुग्ण विभागातली रांग आटली होती. अहवालात शेरा पडला: 'सदर विषयाची समाजातील मागणी घटली आहे.' रोगी बरे झाल्याबद्दल बाईंचे गुण कापण्यात आले.

आता एकच वाट उरली होती. अधिकारी म्हणाला, "व्हिडिओ करू. लोकांनी पाहिला की फ्रीजर वाचला."

बाईंनी स्वच्छ इस्त्रीची साडी नेसून कॅमेऱ्यापुढे सगळं नीट सांगितलं. हा विषाणू आवाज न करता यकृत पोखरतो. चाचणी सोपी आहे, उपचार आहे. मोजक्या लोकांचं शरीर त्याला स्वतःच हाकलून देतं, पण आपण त्यांतले आहोत की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही. अधिकाऱ्याने कंटाळवाणा भाग काढून टाकला. उरलं एकच वाक्य: 'मोजक्या लोकांचं शरीर त्याला स्वतःच हाकलून देतं.' मागे वाघाची डरकाळी टाकली.

व्हिडिओ घराघरांत पोचला. बाईंच्या धाकट्या भावालाही तो मिळाला. अपघातानंतर त्याला रक्त चढवलं होतं, तेव्हापासून बाई चाचणीसाठी त्याच्या मागे लागल्या होत्या आणि महत्प्रयासाने तो तयार झाला होता.

"ताई, उद्याचं रद्द बरं का," त्याने फोनवर सांगितलं. "तू ऐन वेळी सांगतेस! आधीच बोलली असतीस तर एवढं टेन्शन घेतलं नसतं."

"गाढवा, ते सगळ्यांसाठी नाहीये!"

"हो गं, मोजक्यांसाठीच आहे. ऐकलंय मी नीट."

चाचणीकक्ष ओस पडला. तिथली परिचारिका दिवसभर कापसाचे बोळे वळत बसू लागली. इकडे बाईंचे गुण गगनाला भिडले, फ्रीजरची वीज कायम झाली आणि संचालकांनी सभागृहात सत्कार ठेवला. भाषणात ते म्हणाले, "यंदा एकही नवा रुग्ण नाही! प्रभाव म्हणतात तो याला!"

बाईंना राहवेना. "सर, मागच्या खेपेला रुग्ण घटले म्हणूनच माझे गुण कापले होते."

"तेव्हा ते बरे होऊन घटले होते," संचालकांनी समजूत घातली. "आता न येता घटलेत. यात लोकसहभाग आहे."

टाळ्या पडल्या. बाईंनी शाल खुर्चीवर ठेवली, परिचारिकेला सुया घेऊन बोलावलं आणि माइकवरून जाहीर केलं, "सगळे आहातच, तर बाह्या वर करा. इथेच चाचणी करून टाकू."

संचालकांना एकाएकी बैठक आठवली. अधिकाऱ्याचा फोन न वाजताच त्याने उचलला. शिंकेवाल्या शास्त्रज्ञाने खबरदारी म्हणून दोनदा शिंकून घेतलं आणि दार गाठलं. सभागृहात बाई, परिचारिका आणि रिकाम्या खुर्च्या उरल्या.

या लोकांना हसण्यात गैर काही नाही. फक्त हसून झाल्यावर आपण स्वतः ही चाचणी कधी केली होती, तेवढं आठवून पाहावं. आठवत नसेल तरी काळजी नको. तुम्ही त्या मोजक्यांपैकीच असणार.